डुकराचा मागचा पाय

लिसार्दो कासासेका सतरा वर्षं फुटबॉलच्या मैदानाच्या मधोमध उभा होता. शहरातली माणसं 'खेळला' म्हणतात. त्याच्या गावची, वाल्देकार्दोसची माणसं 'उभा होता' म्हणतात, आणि त्यात टिंगल नाही. तो पळायचा कमी. चेंडू जिथं येणार तिथं आधीच जाऊन थांबलेला असायचा, आल्या चेंडूला एकदाच पाय लावायचा आणि ज्याला तो हवा त्याच्याकडं धाडून द्यायचा. बघणाऱ्याला वाटायचं, ह्यात काय मोठं. पण ज्या रविवारी तो संघात नसायचा, त्या रविवारी संघाची गत टाके उसवलेल्या पोत्यासारखी व्हायची.

हे त्याला कुठल्या प्रशिक्षकानं शिकवलं नव्हतं. त्याचा बाप एउतिमिओ, त्याची दोनशे मेंढरं. कळप गावाबाहेर निघाला की कुठल्यातरी कुंपणाच्या खिंडारातनं दुसऱ्याच्या गव्हात घुसणार, हे ठरलेलं. लहानगा लिसार्दो मेंढरांमागं पळत सुटायचा आणि बाप मागनं ओरडायचा, "पळतोस कशाला? तुला काय चार पाय हायेत? कुठनं सुटणार ते आधी बघ, आन् तिथं जाऊन हुबा राहा." दोन-तीन हिवाळ्यांत पोरगं असं तयार झालं, की मेंढीच्या मनात यायच्या आत ते खिंडारात उभं. पुढं फुटबॉलमध्ये त्यानं वेगळं काही केलं नाही. मेंढरांच्या जागी माणसं आली एवढंच.

सोळाव्या वर्षी शहरातल्या क्लबनं त्याला उचललं. एकोणिसाव्या वर्षी तो मोठ्या संघात उतरला. क्लब तिसऱ्या श्रेणीतनं दुसऱ्या श्रेणीत चढला तेव्हा तो तेविसाचा होता, आणि पंचविसाव्या वर्षी कप्तान. गावात त्याचं कौतुक बेतानंच व्हायचं. दर सोमवारी दारूच्या दुकानात एउतिमिओला कुणी ना कुणी विचारायचंच, "काय एउतिमिओ, पोरगं काल हललं का जागचं?" आणि म्हातारा ग्लासातनं नजर वर न करता म्हणायचा, "चेंडू त्याच्याकडं येतो. त्यानं कशापायी हलावं?"

त्या हिवाळ्यात, नाताळ उलटल्यावर, समुद्रकाठच्या एका मोठ्या क्लबचा निरोप आला. पहिल्या श्रेणीतला क्लब. त्यांच्या मधल्या खेळाडूचा पाय मोडला होता आणि त्यांना लगेच तसाच कुणीतरी हवा होता, न पळणारा. तीन वर्षांचा करार. सोमवारी त्यांच्या डॉक्टरनं तपासायचं, त्याच दुपारी सही, आणि पुढच्या रविवारी मैदानात. लिसार्दोचा दलाल बेलार्मिनो, कायम टाय बांधून असलेला माणूस, फोनवर म्हणाला, "आता सोमवारपर्यंत काचेच्या भांड्यासारखा राहा. बस, खा, झोप. बाकी काही करू नकोस."

लीगला सुट्टी होती. बसायला, खायला आणि झोपायला लिसार्दो गावी आला.

आणि गावी डुकराचा दिवस आला होता.

हा दिवस माणसाच्या सोयीनं ठरत नाही. चंद्र उतरता लागतो, कारण चढत्या चंद्रात कापलेलं मांस मीठ धरत नाही, नासतं. दव गोठून जमीन पांढरी झालेली लागते. आणि वरून, लिसार्दोच्या आईचा, ओब्दुलियाचा हट्ट, की सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणाआधी काम उरकलं पाहिजे. त्या वर्षी हे सगळं जुळणारा दिवस एकच होता, शुक्रवार. डुक्कर चौदा अरोबांचं झालं होतं, म्हणजे दोन दांडगी माणसं एकत्र बांधली तर होतील तेवढं.

कापायला प्रत्येकाची जागा ठरलेली. बाप जबड्याखाली आकडा घालून डोकं धरणार. ओब्दुलियाचा भाऊ वेन्सेस्लाओ, त्याच्या हातात सुरी. त्या खोऱ्यातल्या अर्ध्या घरांची डुकरं त्यानंच कापलेली. ओब्दुलिया लोखंडी पाटी घेऊन गुडघ्यावर बसणार आणि रक्त गोठू नये म्हणून हातानं ढवळत राहणार. पुढचे पाय शेजाऱ्याकडं. मागचा वरचा पाय, जो सगळ्यात जोरात झटका मारतो, तो लिसार्दोच्या बहिणीचा नवरा तेओदुलो धरायचा. नऊ वर्षं तोच धरत आला होता.

शुक्रवारी सकाळी तेओदुलो आला तो भिंतीला धरून. आदल्या दिवशी कांद्याची पोती उचलताना कंबरेत उसण भरली होती.

"वाकता येतंय का, दाजी?" लिसार्दोनं विचारलं.

"वाकता येतंय. मग सरळ व्हता येत न्हाई."

वेन्सेस्लाओनं सुरीला धार लावता लावता मान वर केली. "मग मागचा पाय धरणार कोण? म्या सुरी सोडून पाय धरू का?"

सगळे कुणाकडं बघत होते ते कळत होतं. पंचविशीतलं, भरल्या मांड्यांचं एकच माणूस अंगणात होतं.

"त्याला नगं," ओब्दुलिया म्हणाली. "त्याला सोमवारी जायचंय."

"सोमवारी जायचंय," वेन्सेस्लाओ म्हणाला. "डुक्कर तर आजच जायचंय. राहू द्या बाबा, त्याच्या पायांचा इमा उतरवलाय म्हणं. म्या शेजारनीला बोलवितो. ती सत्तरीची हाय, पर हात घट्ट हायेत तिचे."

तेओदुलो हसला आणि हसताना कंबर धरून कळवळला. लिसार्दोनं कोट काढून कुंपणावर टाकला. क्लबच्या करारात काय काय करायचं नाही ते सगळं त्याला पाठ होतं. मोटरसायकल चालवायची नाही. बर्फावरनं घसरायचं नाही. घोड्यावर बसायचं नाही. डुकराचं नाव त्यात कुठं नव्हतं.

डुक्कर बाकावर आडवं घातलं. मागचा पाय धरणारानं डुकराच्या पाठीकडून उभं राहायचं असतं, म्हणजे झटका आपल्यापासनं लांब जातो. लिसार्दो तिकडंच निघाला होता. पण पाठीकडच्या बाजूला सकाळी कुणीतरी घंगाळभर पाणी सांडलं होतं आणि त्याची काच झाली होती. एउतिमिओनं ते बघितलं.

"तिकडं जाऊ नगंस," बाप म्हणाला. "बर्फ झालंय. घसरशील आन् पाय मोडून घेशील. हिकडनं धर, पोटाकडनं."

लिसार्दो पोटाकडं आला. आयुष्यात चुकीच्या जागी तो असा पहिल्यांदाच उभा राहिला, आणि तेही सांगितलं म्हणून.

वेन्सेस्लाओचा हात सराईत होता. सुरी एकदाच आत गेली. डुकरानं मान टाकली, सगळ्यांना वाटलं संपलं, आणि तेव्हाच तो शेवटचा झटका आला. पाय लिसार्दोच्या मुठीतनं सुटला आणि उजव्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला बसला. फार मोठा आवाज झाला नाही. ओली काठी वाकवल्यावर होतो तेवढाच.

त्यानं पाय परत पकडला आणि डुक्कर शांत होईस्तवर सोडला नाही.

"लागलं का?" बापानं आकडा न सोडता विचारलं.

"न्हाई."

मग दिवसभराचं काम सुरू झालं. पेंढा पेटवून केस जाळले, कातडी खरवडली, डुक्कर उलटं टांगलं. वेन्सेस्लाओनं जिभेचा आणि बरगडीजवळच्या मांसाचा एकेक तुकडा कापून कागदात बांधला आणि सायकलवर वाकूनच बसायचं असतं म्हणून तेओदुलोनं तो शेजारच्या गावी जनावरांच्या डॉक्टरकडं नेला. त्यानं मांसात किडे नाहीत ना ते काचेखाली बघून बरं आहे म्हटल्याशिवाय त्या डुकराचा घास कुणी तोंडात घालत नाही. पूर्वी एका घरानं घाई केली होती, तर आठ माणसं अंथरुणाला खिळली होती. दुपारपर्यंत सगळ्यांनी लसणाचं सूप आणि पाव खाल्ला. तेओदुलो परत आला, दारातनंच म्हणाला, "बरं हाय," आणि मग कढई चढली, तिखट मांस आतड्यांत भरून चोरिसो बांधायला घेतले.

लिसार्दो सगळ्यांत वावरला. फक्त रक्ताची पाटी उचलायला आईनं हाक मारली तेव्हा तो गुडघ्यात न वाकता कंबरेत वाकला. ओब्दुलियानं ते पाहिलं आणि पाटी आपणच उचलली.

शनिवारी गुडघा वांग्यासारखा झाला. लिसार्दो विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला आणि बर्फ फडक्यात बांधून त्यानं तो शेकला. रविवारी सकाळी बेलार्मिनो गाडी घेऊन न्यायला आला. गाडीत बसताना लिसार्दोनं दोन्ही हातांनी पाय आत घेतला, ते त्याच्या नजरेतनं सुटलं नाही. खिंड ओलांडेपर्यंत सगळी हकीकत बाहेर आली.

"डुक्कर," बेलार्मिनो म्हणाला. थोड्या वेळानं परत म्हणाला, "डुक्कर." मग टाय सैल केला. "ऐक. वीस तारखेच्या सामन्यात तुला बूट लागला होता. दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. जुना मार आहे, उतरत आलाय. एवढंच बोलायचं. तो डॉक्टर म्हातारा आहे, आणि क्लबला रविवारी माणूस हवाय. कोणी जास्त खोलात जाणार नाही."

"आन् कळलं तर?"

"सही झाल्यावर कळलं तर तीन वर्षं पैसे त्यांनाच भरावे लागतील. सही आधी, गुडघा मग."

डॉक्टर खरंच म्हातारा होता. पांढऱ्या मिशा आणि मोठे, कामकरी हात. त्यानं लिसार्दोला टेबलावर झोपवलं, गुडघा इकडं वाकवला, तिकडं वाकवला, आतल्या बाजूनं अंगठ्यानं दाबला. लिसार्दोनं छताकडं बघत दात आवळले.

"हे कशानं?"

"बूट लागला. वीस तारखेला."

डॉक्टरनं चष्मा वर सरकवला आणि खाली वाकला. गुडघ्याच्या आतल्या अंगाला दोन जांभळे ठसे होते, शेजारी शेजारी, दोन बदाम ठेवावेत तसे.

"त्या बुटाला दोनच खिळे व्हते?" डॉक्टरनं विचारलं.

लिसार्दोनं मान खिडकीकडं वळवली.

"किती अरोबांचा व्हता?"

खोलीच्या खिडकीतनं समुद्र दिसत होता. लिसार्दोनं तो आजवर दोनदाच पाहिला होता. तो म्हणाला, "चौदा."

"आन् तू पोटाकडनं हुबा राहिलास." डॉक्टर स्टूल ओढून बसला. "माझा बा बत्तीस वर्षं डुकरं कापायचा, समुद्रापासनं लांब, वर पालेन्सियाकडं. पोटाकडनं हुबा राहणाऱ्याला तो अंगणातनं हाकलून द्यायचा."

"तिकडं बर्फ व्हतं."

"बर्फावर पेंढा टाकायचा." त्यानं कागद पुढं ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. "आता बघ. आतली दोरी अर्धी तुटलीय. पट्टी बांधून तू ह्या रविवारी खेळशील. पुढच्याही खेळशील. तिसऱ्या का चौथ्या रविवारी ती पुरी तुटंल. न खेळता बसलास तर आठ आठवड्यांत जुळंल. मी म्हातारा माणूस हाय. बूट म्हणालास तर बूट लिहितो. अध्यक्ष बाहेर पेन घेऊनच बसलाय. बोल, काय लिहू?"

लिसार्दोनं हिशेब केला. पहिल्या श्रेणीतले तीन रविवार. नाव कायमचं लागलं असतं, बापाला दुकानात मान वर करता आली असती, आणि कागदावर तीन वर्षं आपली झाली असती. पण त्या सहीमागं एक अख्खा संघ होता. वीस-बावीस माणसं, ज्यांनी मधल्या जागेच्या भरवशावर पुढं धावायचं, आणि चौथ्या रविवारी त्या जागी खिंडार. त्याला तेओदुलो आठवला, हातात कागदाची पुडी घेऊन सायकलवरनं शेजारच्या गावी जाणारा. दुपारपर्यंत नुसत्या सूप-पावावर राहिले होते सगळे, वेन्सेस्लाओसुद्धा. कुणी म्हटलं नव्हतं की खाऊ या, डॉक्टर म्हातारा हाय, त्याला काय दिसतंय.

"डुक्कर लिहा," तो म्हणाला.

डॉक्टरनं कागदावर 'घरगुती अपघात' असं लिहिलं. "डुक्कर लिहिलं तर उद्या पेपरात येईल," तो म्हणाला, "आन् तू जन्मभर डुक्करवाला होशील. ऊठ. जिना सावकाश उतर."

क्लबनं त्याच आठवड्यात दुसरा माणूस घेतला. परतीच्या वाटेवर बेलार्मिनो अडीचशे किलोमीटर एक शब्द बोलला नाही. शहर दिसू लागल्यावर म्हणाला, "निदान चोरिसो तरी आणायचास," आणि मग दोघंही हसले.

घरी लिसार्दोनं एवढंच सांगितलं, की त्यांनी दुसरा घेतला. एउतिमिओनं मान हलवली. पुढच्या सोमवारी दुकानात कुणीतरी विषय काढलाच, तर म्हातारा म्हणाला, "समुद्रकाठची माणसं. शब्दाला पक्की न्हाईत." पुढं अकरा वर्षं, मासळीचा, पावसाचा किंवा सरकारचा विषय निघाला की फिरून फिरून तो तिथंच यायचा. समुद्रकाठची माणसं शब्दाला पक्की नाहीत. लिसार्दो शेजारी बसलेला असला तर ग्लास फिरवत राहायचा.

गुडघा आठ आठवड्यांत जुळला, डॉक्टर म्हणाला होता तसाच. लिसार्दो शहरातल्या क्लबातच राहिला. क्लब दुसऱ्या श्रेणीतनं खाली घसरला, एकदा परत चढला, परत घसरला. त्याला दोन ठिकाणांहून बोलावणी आली, पण पहिल्या श्रेणीतनं परत कधी आलं नाही. सगळे मिळून चारशे अडतीस सामने. गोल अकरा, त्यातले दोन पाठीला चेंडू लागून. पहिल्या श्रेणीचे शून्य.

एकदा चषकाच्या सामन्यासाठी तोच समुद्रकाठचा क्लब शहरात आला. सामन्याआधी पांढऱ्या मिशांचा म्हातारा मैदान ओलांडून आला, लिसार्दोच्या उजव्या गुडघ्यावर बोटानं टकटक केली आणि म्हणाला, "ह्या साली किती अरोबांचं?" पुढच्या जानेवारीपासून दरवर्षी ओब्दुलियाच्या हातचे, धुरावर सुकवलेले लालभडक चोरिसो पुडक्यात बांधून समुद्रकाठी जाऊ लागले. डॉक्टर मरेपर्यंत चुकले नाहीत.

शहरातल्या क्लबच्या करारात मात्र एक ओळ वाढली. मोटरसायकल, बर्फ आणि घोडा यांच्या खाली, 'डुक्कर कापण्याच्या कामात भाग घेऊ नये'. नवीन पोरं सही करताना ती वाचून हसायची. लिसार्दो हसायचा नाही, आणि डुकराच्या दिवशी गावी यायचाही नाही.

छत्तिसाव्या वर्षी त्यानं बूट उतरवले. करार संपला, त्याबरोबर ती ओळही संपली. जानेवारीत तो गावी आला. एउतिमिओ ऐंशीचा झाला होता. त्याच्यानं आता आकडा धरवत नव्हता. वेन्सेस्लाओ दोन वर्षांपूर्वी गेला होता आणि सुरी आता तेओदुलोच्या हातात आली होती. अंगणात भिंतीच्या कडेला, उन्हाच्या पट्ट्यात, म्हाताऱ्यासाठी खुर्ची टाकली होती. मांडीवर गोधडी घेऊन तो तिथनं सगळ्यांना जागा नेमून देत होता.

डुक्कर बाकावर आलं. शेजाऱ्याच्या मुलानं आकडा घेतला. मागच्या पायाशी कुणी नव्हतं. लिसार्दोनं बाह्या सरसावल्या आणि मागल्या खेपेसारखंच जवळच्या बाजूला, पोटाकडं, पाऊल टाकलं.

"तिकडनं न्हाई," एउतिमिओ म्हणाला.

लिसार्दो थांबला.

"पाठीकडनं धर. त्या साली म्या तुला पोटाकडं हुबा केला."

अंगणात सगळ्यांचे हात जिथल्या तिथं थांबले. तेओदुलो सुरीच्या पात्याकडं बघत राहिला. ओब्दुलिया पाटी घेऊन बसली होती, तिनं मान वर केली नाही.

"तुमाला ठावं व्हतं, बा?"

"दोनशे मेंढरांत एखादं लंगडतंय ते मला वेशीवरनं दिसायचं. तू तर घरात लंगडत व्हतास."

"मग अकरा साल दुकानात समुद्रकाठच्या माणसांना कशापायी शिव्या घातल्या?"

म्हाताऱ्यानं गोधडी नीट केली. "मग काय सांगायचं व्हतं? डुक्कर माझं व्हतं, आन् जागा म्या दाखविली, असं? तू बोलत न्हाईस म्हटल्यावर म्या कशाला बोलू?" बाकाकडं बघत तो म्हणाला, "बर्फावर पेंढा टाकायला पायजे व्हता. ते सुचलं न्हाई. घसरशील एवढंच दिसलं."

"डॉक्टर पण हेच म्हणाला व्हता."

"कोण डॉक्टर?"

"चोरिसोवाला."

"त्याला कळत व्हतं मग," एउतिमिओ म्हणाला. "आन् तरी म्हणं समुद्रकाठचा."

"पालेन्सियाचा व्हता, बा. आपल्यातलाच."

बाकाच्या पाठीकडं आजही जमीन पांढरी होती. लिसार्दोनं कोठीतनं कवेत मावेल तेवढा पेंढा आणला, पसरला, पायानं दाबून बघितला. मग पाठीकडं जाऊन उभा राहिला, वरचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि अंग मागं झुकवलं.

तेओदुलोनं म्हाताऱ्याकडं बघितलं. म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि सुरी आत गेली.

शेवटचा झटका आला तो ह्या वेळीही दांडगाच होता. लिसार्दोच्या हातातनं पाय निसटला, पण पोटाकडच्या मोकळ्या हवेत गेला, आणि तिथं कुणी उभं नव्हतं.

"आता तुकडा काढा लौकर," एउतिमिओ खुर्चीतनं म्हणाला. "जनावरांचा डॉक्टर बाराला दार लावतो. आन् मला भूक लागलीय."

तेओदुलोची कंबर काही आता सायकलवर बसण्याजोगी राहिली नव्हती. पुडी लिसार्दोनं घेतली आणि तो चालतच निघाला. पळाला नाही. बारा वाजायला दहा मिनिटं असताना दारात पोचला.